रेल्वेचा इतिहास गाण्यांतून शिकवताय? या चुका टाळा

कॅलिफोर्नियातल्या एका शाळेत मी सहावी ते आठवीच्या मुलांना इतिहास शिकवते. अमेरिकेच्या पूर्व-पश्चिम रेल्वेचा धडा दरवर्षी असतो. पश्चिमेकडून सॅक्रामेंटोहून सेंट्रल पॅसिफिक ही कंपनी निघाली, पूर्वेकडून ओमाहाहून युनियन पॅसिफिक, आणि १० मे १८६९ रोजी युटातल्या प्रॉमन्टरी समिट इथे रूळ जोडले गेले. पुस्तकात हा धडा तारखा आणि कंपनीच्या मालकांची नावं यांवरच संपतो. डोंगर फोडणारी, खडी टाकणारी, खिळे ठोकणारी माणसं त्यात दिसत नाहीत, म्हणून मी गाण्यांकडे वळले.

गाण्यात माणूस सापडतो, हे खरंच आहे. पण गाणं चुकीच्या जागी लावलं की तेच गाणं मुलांना खोटं सांगायला लागतं. हे कळायला मला काही वर्षं लागली. शनिवार-रविवारची मराठी शाळा चालवणाऱ्या मैत्रिणी आणि घरीच मुलांना शिकवणारे पालक मला याबद्दल विचारत असतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

गाण्याची जन्मतारीख न बघणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, आणि मीही ती केली. 'आय हॅव बीन वर्किंग ऑन द रेलरोड' हे इथल्या प्रत्येक बालवाडीत म्हटलं जाणारं गाणं. पहिल्या वर्षी मी ते टाळ्यांच्या ठेक्यावर घेतलं आणि १८६० च्या दशकातले मजूर हेच गात असतील, असं सांगूनही टाकलं. आठवड्याभरानं वर्गातल्या एका मुलाच्या आजी भेटायला आल्या. त्या कृष्णवर्णीय. त्यांनी शांतपणे विचारलं, "या गाण्याचं जुनं रूप तुम्ही वाचलंय का?"

मी वाचलेलं नव्हतं. हे गाणं छापलं गेलं १८९४ मध्ये, प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांच्या गीतसंग्रहात. म्हणजे रूळ जोडल्यानंतर २५ वर्षांनी. त्या छापील रूपात काळ्या माणसांच्या बोलीची नक्कल आहे. गोरे नट तोंडाला काळं फासून काळ्यांची टिंगल करायचे, त्या मिन्स्ट्रेल खेळांच्या वळणाची ती भाषा. मी मजुराचं गाणं म्हणून वर्गात आणलं होतं, आणि होती ती मजुराची नक्कल.

तेव्हापासून कुठलंही गाणं वर्गात नेण्याआधी मी त्याच्या कागदावर चार प्रश्न लिहिते. कुणी गायलं? कधी? कुणासमोर? आणि कागदावर कुणी उतरवलं? चौथा प्रश्न विसरू नका, बहुतेक घोळ तिथेच असतो. उत्तर अडचणीचं निघालं म्हणून गाणं फेकून द्यायची गरज नाही. ते योग्य जागी ठेवायचं. हेच गाणं आता मी आठवीला शेवटच्या तासाला घेते, मजुरांची आठवण पुढे कशी बदलली गेली, हे दाखवण्यासाठी.

आयरिश मजुरांचं म्हणून सांगितलं जाणारं 'ड्रिल, ये टॅरियर्स, ड्रिल' हेही १८८८ चं छापील गाणं आहे, प्रॉमन्टरीचं नव्हे. पण त्यात एक कडवं आहे: सुरुंगाच्या स्फोटात एक मजूर हवेत उडतो, आणि पगाराच्या दिवशी त्याचा एक डॉलर कापला जातो, कारण तो जितका वेळ आकाशात होता तितका वेळ त्यानं काम केलं नाही. मुलं आधी हसतात. मग कुणीतरी विचारतं, "म्हणजे खरंच असं कापायचे?" तिथून मजुरी, मुकादम आणि अपघात यांवर बोलणं आपोआप सुरू होतं. तारीख खरी सांगितल्यानं या कडव्याचं काहीच बिघडत नाही.

'चिनी संगीत' म्हणून जे मिळेल ते लावणं

सेंट्रल पॅसिफिकवर १५ ते २० हजार चिनी मजुरांनी काम केलं. काम ऐन जोरात असताना दहा मजुरांतले नऊ चिनी होते. ते आले दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँग प्रांतातून, त्यातही ताइशान आणि आसपासच्या मोजक्या तालुक्यांतून. त्यांची बोली बीजिंगची नव्हे. तरी शिक्षक इंटरनेटवर शोधतात आणि मंद बासरी, पावसाचा आवाज असलेलं कुठलंही 'चायनीज म्युझिक' लावतात. कोकणातल्या चाकरमान्यांचा धडा शिकवताना भांगडा लावण्यासारखंच ते.

लावायचंच असेल तर ताइशानकडची 'मुक-यू' गाणी शोधा. मुक-यू म्हणजे लाकडी मासा. देवळात ठोका धरायला वापरतात त्या माशाच्या आकाराच्या लाकडी वाद्यावरून हे नाव पडलं. लांबलचक कथा सांगणारी ही गाणी गावाकडे बायका म्हणायच्या, आणि त्यांत नवरा 'गमसान'ला, म्हणजे सोन्याच्या डोंगराला, म्हणजे कॅलिफोर्नियाला गेलेला असतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये १९११ आणि १९१५ साली कॅन्टोनीज पदांचे संग्रहही छापले गेले. मुलगी गमसानवाल्याला देऊ नका, असं बजावणाऱ्या ओळीही त्या परंपरेत आहेत. मुंबईला गेलेल्या नवऱ्याची वाट बघणाऱ्या बाईच्या ओव्या ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. फक्त मुलांना तारीख सांगा: ही छापील पदं रुळांनंतर ४० हून अधिक वर्षांनी आली.

आणि आता सगळ्यात अवघड गोष्ट. रेल्वे बांधणाऱ्या त्या हजारो चिनी मजुरांपैकी कुणाचंही लिहिलेलं एकसुद्धा पत्र आज अभ्यासकांच्या हाती नाही. सिएरा नेव्हाडा पर्वताच्या बर्फात, तंबूत ते काय गुणगुणत होते, त्याची नोंद कुणी केली नाही. ही पोकळी बघवत नाही म्हणून शिक्षक 'चिनी मजुराचं गाणं' स्वतः रचतात, किंवा मुलांकडून रचून घेतात आणि भिंतीवर लावतात. कृपा करून असं करू नका. मुलाच्या डोक्यात ते खरं गाणं म्हणून कायमचं बसतं.

पोकळी पोकळी म्हणूनच दाखवा. २८ एप्रिल १८६९ ला सेंट्रल पॅसिफिकच्या माणसांनी एका दिवसात दहा मैल रूळ टाकले. ते जड रूळ उचलणाऱ्या आठ आयरिश मजुरांची नावं नोंदवलेली आहेत. त्याच दिवशी राबलेल्या चिनी मजुरांची नाहीत. मी ती आठ नावं फळ्यावर लिहिते आणि शेजारचा अर्धा फळा मोकळा ठेवते. याच चिनी मजुरांनी जून १८६७ मध्ये संप केला होता. सुमारे ३,००० मजूर एकदम थांबले, आणि कंपनीनं त्यांचं अन्न तोडून तो मोडला. गाणं नसलं तरी संप आहे, आणि त्यावरही तास छान होतो.

श्रमगीत बाकावर बसून ऐकवणं

दक्षिणेकडच्या राज्यांत रुळांची देखभाल प्रामुख्यानं कृष्णवर्णीय गँगमन करायचे. त्यांना 'गँडी डान्सर' म्हणत. गाड्यांच्या भारानं रूळ तसूतसूनं सरकतात. ते पुन्हा सरळ करायला सहा-आठ माणसं लांब पहारी रुळाखाली घालून एकत्र जोर लावत. एक जण फक्त गायचा. तो दोन ओळी म्हणायचा, बाकीचे पहार रुळावर ठोकून ताल धरायचे, आणि ठरलेल्या ठोक्याला सगळे एकदम रेटायचे. रूळ बोटभर हलायचा. पुन्हा दोन ओळी.

हे गाणं स्पीकरवर लावून मुलांना बाकांवर बसवलं की पाच मिनिटांत जांभया येतात. दोष गाण्याचा नाही. हे ऐकण्याचं गाणंच नव्हे, ते अवजार आहे.

मी वर्ग व्यायामशाळेत नेते. तिथला लांब बाक, त्यावर वह्यांचे गठ्ठे, एका बाजूला आठ मुलं. आधी सांगते, गाणं नको, नुसतं ढकला. बाक दर वेळी तिरका होतो, एक टोक पुढे, एक मागे, आणि "तू जोर लावत नाहीस"ची भांडणं. मग एकाला गायला उभं करते. दोन ओळी, दोन ठोके, रेटा. बाक सरळ रेषेत सरकतो. गेल्या वर्षी एका मुलीनं विचारलं, "जो गातो तो तर काहीच ढकलत नाही, मग त्याला पगार कशाला?" मी उत्तर दिलं नाही. गाणाऱ्याला खाली बसवलं आणि म्हटलं, आता करून बघा. होडी किनाऱ्यावर ओढताना कोळ्यांचं 'हैया हो' ऐकलेल्या आपल्या मुलांना हे लगेच कळतं.

तारखेचं भान इथेही हवं. या श्रमगीतांची, म्हणजे हाकाऱ्यांची, आपल्याला मिळणारी ध्वनिमुद्रणं २० व्या शतकातली आहेत. अलाबामातल्या बर्मिंगहॅमचे जॉन मीलिंग आणि कॉर्नेलियस राइट यांना याच कलेसाठी १९९६ मध्ये राष्ट्रीय वारसा पुरस्कार मिळाला. १८६९ शी त्यांचा थेट संबंध जोडू नका. काही हाकारे फार चावट असतात, तेव्हा शेवटपर्यंत स्वतः ऐकूनच निवडा.

आदिवासी राष्ट्रांसाठी एकच बासरी

ज्यांच्या जमिनीवरून हे रूळ गेले, त्यांचं संगीत म्हणजे धुक्यात वाजणारी एक उदास बासरी, असं इथे अनेकांना वाटतं. लकोटा, शायेन, पॉनी, पायूट, शोशोनी ही वेगवेगळी राष्ट्रं. त्यांच्या भाषा वेगळ्या, गाणी वेगळी, आणि रेल्वेशी नातंही वेगळं. १८६७ मध्ये नेब्रास्कात प्लम क्रीकजवळ शायेन योद्ध्यांनी गाडी रुळावरून घसरवली. त्याच काळात सैन्याचे पॉनी टेहळे (स्काउट) युनियन पॅसिफिकच्या मजुरांचं रक्षण करत होते. न्यू मेक्सिकोतल्या लगूना पुएब्लोनं १८८० मध्ये जमिनीतून रूळ जाऊ देण्याच्या बदल्यात रेल्वेतल्या नोकऱ्या मागून घेतल्या. पुढे त्यांची वस्ती कॅलिफोर्नियातल्या रिचमंडच्या यार्डात, मालडब्यांच्या घरांत होती. 'सगळे बिचारे' हाही एक चुकीचाच सूर आहे.

घोस्ट डान्स या आदिवासींच्या धार्मिक नृत्याची गाणी वर्गात गाऊ नका, गाऊन घेऊ नका. ती प्रार्थना आहे. नेव्हाडातल्या वोवोका या पायूट द्रष्ट्याकडून ती पसरली. दूरवरून लकोटा प्रतिनिधी त्याला भेटायला आले, ते बराचसा प्रवास रेल्वेनं करून. ज्या रुळांनी गव्यांचे कळप संपवले, त्याच रुळांवरून गवे परत येतील ही आशा गावोगाव गेली, आणि त्याच रुळांवरून सैन्यही आलं. २९ डिसेंबर १८९० ला वुंडेड नी इथे सैन्यानं लकोटांची कत्तल केली. एवढं सांगितलं की वर्ग शांत होतो, गाणं म्हणावं लागत नाही. १८९४ ची मूनी यांची या गाण्यांची ध्वनिमुद्रणं इंटरनेटवर आहेत, पण त्यांतला आवाज बहुधा खुद्द मूनी यांचा, म्हणजे गोऱ्या संशोधकाचा आहे. 'मूळ गायक' म्हणून ती लावू नका. त्यापेक्षा तुमच्या भागातल्या राष्ट्राच्या सांस्कृतिक कार्यालयाला पत्र लिहा, आज गाणाऱ्या कुणाला बोलवा आणि मानधन द्या. फुकट बोलावणं ही वेगळी चूक.

थोडक्यात आणखी काही

मेक्सिकन मजुरांना, म्हणजे ट्राकेरोंना, विसरू नका. १९२९ मध्ये ध्वनिमुद्रित झालेला एक कोरिदो, म्हणजे मेक्सिकन कथागीत, टेक्ससहून पेनसिल्व्हेनियाला कामावर निघालेल्यांचा आहे. कापूस वेचणं सुटलं म्हणून ते खूश आहेत. त्यांना नेणारा 'एंगांचे', म्हणजे मजुरांना बांधून नेण्याच्या, पद्धतीचा ठेकेदार बघितला की आपल्याला ऊसतोडीची उचल आणि मुकादम आठवतो. इंजिन ५०१ चा प्रसिद्ध कोरिदो मात्र मेक्सिकोतल्या सोनोराचा, तिथल्या १९०७ च्या घटनेवरचा आहे. तो सीमेच्या अलीकडे ओढू नका.

'अंडरग्राउंड रेलरोड' ही गुलामांच्या सुटकेची गुप्त वाट होती, रूळ नव्हते. तिची गाणी या धड्यात मिसळू नका.

मराठी शाळेत एक प्रश्न हमखास येतो: "यात आपलं कोण होतं?" १८६९ मध्ये कुणी नव्हतं, हे सरळ सांगा. पंजाबी मजूर कॅलिफोर्नियात वेस्टर्न पॅसिफिक रेल्वेच्या कामावर आले, ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. ओढूनताणून काही जोडण्यापेक्षा मुलांना सांगा की सिएरात सुरुंग लागण्याच्या थोडं आधी, १८५६ ते १८६३ मध्ये, बोरघाट फोडला जात होता, आणि तिथे हजारो मजुरांचे जीव गेले. आजीला फोन करून आगगाडीची एखादी ओवी विचारणं हा चांगला गृहपाठ आहे.

वर्गात अडलं तर

अनोळखी सूर ऐकून मुलं हसली तर रागावू नका. गाणं थांबवा, अर्थ सांगा, मग पुन्हा लावा. दुसऱ्यांदा सहसा कुणी हसत नाही. वर्गातल्या चिनी किंवा आदिवासी मुलाकडे वळून "तू सांग ना" असं कधीच म्हणू नका. त्या मुलाचं काय होतं ते मी त्याच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. आणि एका तासात पाच संस्कृतींची पाच गाणी बसवू नका. एक पुरतं.

वेळच नसेल आणि एकच गोष्ट करायची असेल, तर मी हे सुचवेन. सिएरातल्या डॉनर खिंडीजवळचा समिट टनेल हा सेंट्रल पॅसिफिकचा बोगदा १,६५९ फूट लांब. ग्रॅनाइट इतका कठीण की प्रत्येक तोंडावर दिवसाला जेमतेम फूटभर काम सरकायचं. एक जण सळई धरून फिरवायचा, दोघे आळीपाळीनं घण मारायचे. आम्ही वर्गाच्या दारापासून व्हरांड्यात रोज खडूनं एक फूट रेष पुढे नेतो, दोन पेन्सिलींचे आलटून पालटून ठोके देत. कुठलंही गाणं नाही. सत्र संपतं तेव्हा रेष पाण्याच्या नळापर्यंतही पोचलेली नसते, आणि मुलं तिच्यावर पाय न देता चालायला लागलेली असतात.