दारू सोडायच्या मीटिंगला जाताय? या चुका टाळा

तालुक्याच्या गावी, नाहीतर जिल्ह्याला ए.ए.ची, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची मीटिंग असते. लांबच्या खेड्यातून माणूस तिथं पोचतो आणि दुसऱ्या आठवड्यापासून दिसत नाही. चुका दरवेळी त्याच असतात.

सगळ्यात जिवावरची चूक मीटिंगच्या आधीच होते. मंगळवारी घरात भांडण होतं, भाऊ बाटल्या फोडतो आणि ठरतं, "रविवारी मीटिंगला नेऊ, तोवर थेंब द्यायचा नाही." माणूस रोज तीन-चार पव्वे देशी पिणारा. बुधवारी सकाळी हात थरथरतात, घाम सुटतो, ओकाऱ्या होतात. ही सुरुवात शेवटच्या घोटानंतर 6 ते 24 तासांत होते. फिट येण्याचा धोका साधारण 12 ते 48 तासांत असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भ्रम होऊ शकतो. भिंतीवर किडे दिसतात, कोणी मारायला आलं असं वाटतं, ताप चढतो. गावात म्हणतात, बाहेरचं लागलं. मग लिंबू-नारळ होतं, मांत्रिक येतो, आणि ज्या वेळात दवाखाना गाठायचा तीच वेळ जाते. यात माणसं दगावतात.

म्हणून रोज पिणाऱ्यानं घरच्या घरी एका झटक्यात बंद करू नये. आधी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार ओपीडीत जा. वर्ध्याकडचे असाल तर सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे. गडचिरोलीत मुक्तिपथ या दारू-तंबाखूमुक्तीच्या उपक्रमाची तालुका क्लिनिकं आहेत. किती पिता ते खरं सांगा. या जिल्ह्यांत दारूबंदी आहे म्हणून आकडा लपवू नका, त्या आकड्यावरच औषधाचा डोस ठरतो. अशक्तपणा म्हणून गावातच ग्लुकोजची सलाईन लावत असतील तर आधी थायामिन, म्हणजे बी-वन, दिलं का ते विचारा. शरीरात ते कमी असताना नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते. फिट आली किंवा भ्रम झाला तर थेट 108.

चहात गुपचूप गोळी टाकणाऱ्यांना कितीदा सांगावं! ती गोळी म्हणजे डायसल्फिराम. ती पोटात असताना माणूस प्यायला तर काही मिनिटांत चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, बीपी पडू शकतं. गोळी थांबवल्यावरही हा धोका 14 दिवसांपर्यंत राहू शकतो. ही गोळी त्याच्या संमतीनं आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची.

मीटिंगचा पत्ता शोधताना व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जुन्या यादीवर विसंबू नका. जागा बदलतात, वार बदलतात. निघायच्या आदल्या दिवशी गटाच्या मेंबरला फोन करून वार, वेळ, इमारतीची खूण आणि मीटिंग खुली की बंद, एवढं विचारा. बंद मीटिंग फक्त पिणाऱ्यांसाठी असते, तिथं बायको किंवा भाऊ बसत नाही. घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं आहे. नंबरच हाती नसेल तर 14446 ही सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे.

दुसरी मोठी चूक एसटीची. मीटिंग सहाची, साधारण तास-दीड तासाची, आणि गावची शेवटची गाडी सातची. माणूस उशिरा येतो, दाराजवळ बसतो, घड्याळ बघतो आणि कोणाचं बोलणं अर्धवट टाकून उठतो. घरी विचारलं की म्हणतो, "दोनदा जाऊन आलो, काही फरक नाही." फरक पडणार कसा? खरं काम मीटिंग संपल्यावरच्या चहाला होतं. तिथं ओळखी होतात, नंबर मिळतात, पुढं स्पॉन्सर, म्हणजे वाट दाखवणारा जुना मेंबर, तोही तिथूनच सापडतो. दुपारची किंवा सकाळची मीटिंग निवडा. संध्याकाळचीच असेल तर त्याच वाटेवरचा मेंबर गाठून मोटरसायकलवर सोबत परता. आठवडी बाजाराच्या दिवशी जोडून जाऊ नका. खिशात पैसे असतात आणि जुने सोबती वाटेतच भेटतात. चहा घेऊन किमान तीन नंबर कागदावर लिहून आणा, मोबाइल बंद पडतो. त्याच आठवड्यात एक फोन कराच, प्यायची इच्छा नसतानाही. साधा फोन करायची सवय नसेल तर तलफ आल्यावर हात फोनकडे जात नाही.

नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा करा, असं जुने मेंबर सुचवतात. आठवड्याला एकच मीटिंग असलेल्या तालुक्यात ते जमणार नाही. मधल्या दिवसांत फोनवरच्या ऑनलाइन मीटिंगा जोडा, पण समोरासमोरची सोडू नका.

बाकी थोडक्यात. बोलायची सक्ती नसते, पहिलं नाव सांगितलं तरी पुरतं. फी नाही. खुशीनं पैसे टाकायची पिशवी फिरते, नसतील पैसे तर ती पुढच्याकडं सरकवा. आज घेतली म्हणून घरी बसू नका, दारू सोडायची इच्छा ही एकच अट आहे. त्या दिवशी फक्त ऐका. तुळशीची माळ घातली असेल तर चांगलंच, मीटिंग मात्र चालू ठेवा. आणि तिथं कोण दिसलं हे गावच्या पारावर सांगू नका. एकाचं नाव फुटलं की त्या गावातून दुसरा कोणी येत नाही.

कापूस वेचणीत "हंगाम आटोपला की येतो" म्हणणारे बहुतेक परत येत नाहीत, कारण हंगामाबरोबर हाती पैसा येतो. पोळ्याचा दुसरा दिवसही तसाच अवघड. त्या दिवशी सकाळी आणि दिवेलागणीला कोणाला फोन करायचा, हे आठवडाभर आधी एका मेंबरशी बोलून ठरवा.