सुट्या भागांची इलेक्ट्रिक गिटार पहिल्यांदा जोडताना

इलेक्ट्रिक गिटार घरी सुट्या भागांतून जोडता येते ती तिच्या रचनेमुळे. 1950 साली फेंडरने जी भरीव बॉडीची गिटार बाजारात आणली, तिचा नेक, म्हणजे तारांखालची लांब दांडी, सरसाने चिकटवलेला नव्हता. तो चार स्क्रूंनी बॉडीत आवळलेला होता. 1954 च्या स्ट्रॅटोकास्टरनेही हीच पद्धत ठेवली. आज मिळणारे सुटे नेक आणि बॉड्या बहुधा याच गिटारींच्या मापावर बेतलेल्या असतात. सावंतवाडीत गेली बारा वर्षे मी अशा गिटारी जोडतो आहे, आणि पहिल्यांदा हे काम हाती घेणारे बहुतेक जण नको त्या गोष्टीची काळजी करतात असे मी पाहिले आहे. बॉडी सागाची असावी की शिवणीची, पिकअप (तारेचे कंपन विजेच्या लहरींत बदलणारा भाग) कोणते घ्यावे, यावर महिना महिना खल होतो. गिटार वाया जाते ती मात्र ब्रिजची, म्हणजे तारा बॉडीवर जिथे टेकतात त्या भागाची, भोके दोन मिलिमीटर सरकल्यामुळे. म्हणून या लेखात मी त्याच टप्प्याविषयी अधिक लिहिणार आहे.

भाग मागवताना नेक आणि बॉडी एकाच मापाच्या घराण्यातली घ्यावी. नेकची टाच आणि बॉडीतली खाच साधारण 56 मिलिमीटर रुंद, खाचेची खोली 16 मिलिमीटर आणि नटपासून (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) सॅडलपर्यंत (ब्रिजवर प्रत्येक तार टेकते तो सरकता तुकडा) तारेची लांबी 648 मिलिमीटर, ही तीन मापे विक्रेत्याकडून लेखी मागून घ्यावीत. पहिल्या गिटारीला ट्रेमोलोचा हलता ब्रिज लावू नये, साधा पक्का ब्रिज लावावा. स्क्रू शक्यतो स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत, कारण आपल्याकडच्या खाऱ्या हवेत साधे स्क्रू एका पावसाळ्यात तांबूस होतात आणि पुढे काढायला गेले की डोके तुटून बूड लाकडातच राहते.

पार्सल आले की लगेच जोडायला बसू नये. कोरड्या मुलखातून आलेले लाकूड कोकणात आल्यावर हवेतला दमटपणा शोषून आडव्या अंगाने फुगते, आणि जुलैत घट्ट बसलेला नेक डिसेंबरात त्याच खाचेत हलू लागतो. भाग वेष्टनातून काढून दोन आठवडे, ज्या खोलीत गिटार राहणार आहे त्याच खोलीत, भिंतीपासून दूर ठेवावेत. मी स्वतः भोके पाडण्याचे काम दसऱ्यानंतर सुरू करतो आणि मृगाच्या आत उरकतो. पॉलिशच्या बाबतीत तर हा नियम मोडूच नये, कारण पावसाळी हवेत एन. सी. (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारला की त्यावर पांढरट झाक धरते. घरी करायचे असेल तर चपड्याचे पॉलिश किंवा उकळलेले जवसाचे तेल पुरेसे आहे, आणि तेही कोरड्या दिवसांतच. नेकची टाच कोरी सोडू नये. तिथूनच ओल आत शिरते.

आता मुख्य काम. नट, नेक आणि ब्रिज हे तिन्ही एका सरळ रेषेत आले पाहिजेत, आणि ही रेषा नेक ठरवतो, बॉडी ठरवत नाही. माझी पहिली गिटार मी याच्या उलट केली होती. विक्रेत्याने पाठवलेल्या आकृतीत बॉडीच्या कडांपासून मोजून मध्यरेषा काढायला सांगितले होते. मी ती सुतारी गुण्याने नेटकी काढली, ब्रिज तिच्यावर बसवला, भोके पाडली आणि मग नेक आवळला. तारा चढवल्यावर दिसले की बाराव्या फ्रेटजवळ (फ्रेट म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) सहावी तार फ्रेटबोर्डच्या, म्हणजे त्या पट्ट्या बसवलेल्या फळीच्या, काठापासून पाच मिलिमीटर आत आहे आणि पहिली तार जेमतेम एक मिलिमीटरवर आहे. बोटाने जरा खेचताच ती काठावरून खाली घसरत असे. बॉडीची मध्यरेषा चुकलेली नव्हती. खाचच जराशी तिरकी कापलेली होती, आणि हे कोणत्याही आकृतीत दिसणार नव्हते. सगळी भोके सागाच्या गोल खुंट्यांनी बुजवून, एक दिवस वाळवून मी पुन्हा पाडली. त्यानंतर ब्रिजचे एकही भोक नेक पक्का होण्याआधी मी पाडलेले नाही.

पद्धत अशी आहे. नेक खाचेत ठेवून मऊ फडके घातलेल्या क्लॅम्पने दाबावा. पहिल्या व सहाव्या तारेच्या सूर लावायच्या चाव्या तात्पुरत्या बसवाव्यात आणि नटच्या पहिल्या व सहाव्या खाचेतून मासे पकडायची बारीक तंगूस ओढून ब्रिजच्या दोन टोकांच्या सॅडलवर आणावी. ब्रिज या वेळी कागदी टेपने बॉडीवर नुसता धरलेला असतो. दोऱ्यापेक्षा तंगूस बरी, कारण ती ताणली की झोळ राहत नाही. आता हे सगळे पडवीत उजेडाला घेऊन जावे आणि एक डोळा मिटून वरून सरळ खाली पाहावे. तंगुशीची सावली फ्रेटच्या तारेवर पडते. डोळा बरोबर वर असला की तंगूस आणि तिच्या कडेची ती सावली यांच्यातली फट सगळ्या फ्रेटवर एका दिशेने जाते, आणि नेक तिरका असला तर ते लगेच ओळखू येते. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर, दोन्ही बाजूंना, तंगुशीपासून काठापर्यंतचे अंतर मोजावे. प्रत्येक फ्रेटपाशी डावे-उजवे अंतर सारखे येईपर्यंत नेक खाचेत आणि ब्रिज बॉडीवर केसभर सरकवत राहावे. या कामाला मला अजूनही तासभर लागतो.

रेषा जुळली की आधी नेकचे स्क्रू. बॉडीतल्या भोकांतून स्क्रू बोटाने ढकलला तरी पार गेला पाहिजे. तो बॉडीच्या लाकडात पकडत असेल तर कितीही आवळला तरी नेक आणि बॉडी यांच्यात फट राहते. अशा वेळी 4.5 मिलिमीटरच्या ड्रिलने फक्त बॉडीतले भोक मोकळे करावे. नंतर त्याच भोकांतून दाभण घालून टाचेवर खुणा कराव्यात, नेक काढावा आणि 3 मिलिमीटरच्या ड्रिलने भोके पाडावीत. बॉडी 45 मिलिमीटर जाड असली तर खाचेखाली 29 मिलिमीटर लाकूड उरते. म्हणजे 45 मिलिमीटरचा स्क्रू, त्याच्या डोक्याखालच्या पत्र्यासकट, नेकमध्ये जेमतेम 14 मिलिमीटर शिरतो. ड्रिलला 16 मिलिमीटरवर टेप गुंडाळावी. पुढे गेलात तर ड्रिल फ्रेटबोर्डमधून वर येईल, आणि त्याला इलाज नाही. स्क्रूला मेणबत्ती चोळावी. साबण चोळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण साबण ओल धरतो आणि इथल्या हवेत स्क्रू गंजवतो.

नेक आवळल्यावर वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी सांध्यात सरकते का ते पाहावे. सरकत असेल तर पुन्हा उघडावे.

आता ब्रिज, आणि ही खबरदारी सर्वांत महत्त्वाची. नटच्या फ्रेटबोर्डकडील कडेपासून बाराव्या फ्रेटच्या माथ्यापर्यंत मोजावे. ते 324 मिलिमीटर यायला हवे, आणि त्याची दुप्पट म्हणजे 648. पहिल्या तारेचा सॅडल स्क्रूवर जवळजवळ पूर्ण पुढे आणून, मागे जायला भरपूर आणि पुढे यायला एक-दोन मिलिमीटर जागा ठेवून, त्याचा माथा या 648 च्या खुणेवर आणावा. सगळे सॅडल मधोमध ठेवून ब्रिज बसवा असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. सूर जुळवताना सॅडल मागेच जातात. जाड सहावी तार तर पहिलीपेक्षा तीनेक मिलिमीटर मागे लागते, आणि मागे जागाच नसली तर गिटार कधीच सुरात येत नाही. तंगूस पुन्हा लावून तपासावे, मगच भोके पाडावीत. ब्रिजखाली अर्थची वायर आधी घालून ठेवावी.

वायरिंग सोपे आहे. सिंगल कॉइल (एका वेटोळ्याच्या) पिकअपला 250 किलोओहमचे पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचे फिरते बटण, आणि हंबकरला (दोन वेटोळ्यांच्या पिकअपला) 500 चे. पॉटच्या पाठीवर सोल्डर धरण्यासाठी 40 वॉटचे सोल्डरिंग आयर्न लागते, 25 वॉटच्याने सोल्डर धरत नाही. तारांना हात लावताच गुणगुण थांबली तर ब्रिजची अर्थ वायर ठीक आहे. तरीही आवाज येत असेल तर गिटार उघडण्याआधी घराचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. आपल्याकडच्या जुन्या घरांत ते पुष्कळदा नावालाच असते, आणि अर्थिंग नसलेल्या ॲम्प्लिफायरला जोडलेली गिटार हातात धरणे धोक्याचे आहे.

तारा चढवून सुरात आणल्यावर पहिली व शेवटची फ्रेट दाबून सातव्या फ्रेटवरची फट पाहावी. ती पाव मिलिमीटर असावी. ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याचा बाक कमी-जास्त करणारी सळई) एका वेळी पाव वेढाच फिरवावा आणि रात्रभर थांबावे. तारांची उंची मात्र ट्रस रॉडने कमी करू नये, ती सॅडलने करावी. बाराव्या फ्रेटवर पावणेदोन मिलिमीटर पुरे. सॅडल तळाला टेकूनही तारा उंचच राहिल्या तर खाचेत ब्रिजच्या बाजूला लाकडाची पातळ पाचर घालावी. पुठ्ठा घालू नये, तो पावसाळ्यात फुगतो. शेवटी बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तारेला बोट नुसते टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ताडून पाहावा. दाबलेला सूर चढा येत असेल तर सॅडल मागे, उतरा येत असेल तर पुढे.

डिसेंबरात मतलई वारे सुरू झाले की हे सगळे पुन्हा एकदा तपासावे. फ्रेटबोर्ड आकसून फ्रेटची टोके हाताला टोचू लागली असतील, तर लाकडाला टेप लावून बारीक कानशीने ती काठाशी सपाट करावीत.