वीज सुधारणेत गोव्याच्या लोकप्रतिनिधींनी या चुका टाळाव्यात

ग्रामसभेत विजेचा विषय निघाला की नव्या ट्रान्स्फॉर्मरची मागणी ठरलेली. ठराव एकमताने होतो, काही महिन्यांनी नारळ फुटतो, आणि वाड्याच्या टोकाच्या घरात संध्याकाळी सात वाजता पंखा पहिल्यासारखाच रेंगाळतो. हे मी एकापेक्षा जास्त गावांत पाहिले आहे. दर वेळी वाईट वाटते, कारण दुखणे वेगळेच असते आणि पैसा मात्र खर्च झालेला असतो.

गोव्यात वीज वितरण महामंडळाकडे नाही, सरकारच्या वीज खात्याकडे आहे. त्यामुळे पंच, सरपंच आणि आमदार यांच्या शब्दाला इथे वजन आहे. म्हणून मागणी करण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते शोधणे ही त्यांचीच जबाबदारी ठरते.

विजेचा दाब (व्होल्टेज) कमी पडतो तेव्हा खात्याच्या माणसाकडून संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यान दोन ठिकाणी मोजणी करून घ्या: ट्रान्स्फॉर्मरपाशी आणि शेवटच्या घरात. ट्रान्स्फॉर्मरपाशी दाब ठीक आणि टोकाला कमी, तर तार फार लांब गेली आहे किंवा बारीक आहे. तिथे मोठा ट्रान्स्फॉर्मर आणून फायदा नाही. दुसरा छोटा ट्रान्स्फॉर्मर टोकाच्या जवळ हवा किंवा तार बदलायला हवी. ट्रान्स्फॉर्मरमधून निघणाऱ्या तीन वीजतारांपैकी (फेज) एकाच फेजवरची घरे मंद असतील तर भार तिन्ही फेजवर सारखा वाटून घ्यावा लागतो आणि त्याला जवळजवळ खर्च येत नाही. एका घरात दिवे मंद आणि शेजारच्या घरात डोळे दिपवणारे, असे दिसले तर न्यूट्रल, म्हणजे विजेच्या परतीची तार, सुटला असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी ग्रामसभेची वाट पाहू नका. मेन स्विच बंद करून लगेच तक्रार करा, नाहीतर फ्रिज, टीव्ही जळतात. ट्रान्स्फॉर्मरपाशीच दाब पडलेला असेल, तरच त्याची क्षमता किंवा त्याला वीज पुरवणारी ११ केव्ही (किलोव्होल्ट) वाहिनी, म्हणजे फीडर, तपासायची.

दुसरी चूक भूमिगत केबलच्या बाबतीत होते. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळाने झाडे तारांवर पाडली आणि राज्याचा मोठा भाग अंधारात गेला. तेव्हापासून ‘सगळे जमिनीखाली घाला’ ही मागणी स्वाभाविक वाटते, आणि दाट वस्तीत ती योग्यही आहे. पण केबलमधला बिघाड डोळ्यांना दिसत नाही. जोडात पावसाचे पाणी शिरले किंवा जलवाहिनीसाठी खोदताना केबल तुटली, तर जागा सापडायलाच बराच वेळ जातो. त्यामुळे उद्घाटनाच्या फोटोपेक्षा केबल नेमकी कुठून गेली याचा नकाशा महत्त्वाचा. तो पंचायतीतही ठेवून घ्या आणि खोदकामाचा दाखला देण्यापूर्वी उघडून पाहा. सत्तरी, सांगे, काणकोणसारख्या झाडांच्या भागात एरियल बंच केबल, म्हणजे खांबांवरून जाणारी, इन्सुलेशन असलेल्या तारांची जुडी, अनेकदा जास्त सोयीची पडते.

सर्वांत महाग चूक म्हणजे मोठ्या वीजवाहिनीचा मार्ग आधी ठरवून लोकांना नंतर विचारणे. गोव्याची स्वतःची वीजनिर्मिती नगण्य आहे, वीज बाहेरूनच येते. उत्तरेला कोल्हापूरकडून येणारी ४०० केव्ही वाहिनी कोलवाळच्या उपकेंद्रात उतरते, तर दक्षिणेकडे कर्नाटकातल्या अंबेवाडीहून २२० केव्ही वाहिनी फोंड्याकडे येते. आणखी भक्कम वाटेची गरज खरी आहे. पण छत्तीसगडकडून वीज आणण्याच्या तमनार प्रकल्पाची वाहिनी मोलेच्या अभयारण्यातून नेण्याचा विषय २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, पुढे सरकला आणि तरुण रस्त्यावर उतरले. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय उच्चाधिकार समितीने सुचवले की जंगलाचा नवा पट्टा तोडू नका, असलेल्या २२० केव्ही वाहिनीचा पट्टा वापरा. हा पर्याय पहिल्याच दिवशी लोकांसमोर ठेवता आला असता. वाहिनीला विरोध करणारे सगळे विकासविरोधी असतात, असे मानणाऱ्या नेत्याने हे प्रकरण पुन्हा वाचावे.

सौरऊर्जेबद्दल अर्धवट आश्वासन देऊ नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटपासून पुढे ७८ हजार रुपये अनुदान मिळते, हे सगळे सांगतात. ग्रिडशी जोडलेला साधा इन्व्हर्टर लाईट गेली की आपोआप बंद होतो, कारण तारांवर काम करणाऱ्या लाईनमनचा जीव जाऊ नये, हे मात्र कोणी सांगत नाही. मग पहिल्याच पावसात लोक चिडतात. स्मार्ट मीटरबद्दलही आधीच नीट सांगा: बसवण्यापूर्वी वाड्यावर बैठक घ्या, शंका असलेल्या घरी काही दिवस जुना मीटर शेजारी ठेवण्याची मागणी करा, म्हणजे दोन्हींचे आकडे ताडून पाहता येतील.

वीजदर संयुक्त वीज नियामक आयोग ठरवतो आणि त्यापूर्वी जाहीर सुनावणी होते. तिथे उद्योगांचे लोक आकडे घेऊन येतात. गावाकडून मात्र दरवाढ झाल्यावर मोर्चा येतो. आपल्या फीडरवर वीज कधी गेली, किती वेळ गेली आणि कारण काय सांगितले, याची वही पंचायतीत आजपासून ठेवा. तीन महिन्यांची अशी वही घेऊन एक पंच सुनावणीत उभा राहिला, तर त्याच्या प्रश्नाचे उत्तर नोंदीवर येते.