बॅटर आडवा आला: शालेय बेसबॉलमध्ये इंटरफेरन्सचा निर्णय कसा द्यावा

ठाणे-नवी मुंबईत शालेय बेसबॉलला अंपायर म्हणून उभे राहणारे बहुतेक जण कुठल्या तरी शाळेतले क्रीडा शिक्षक असतात, नाहीतर जुने खेळाडू. बॉल-स्ट्राइक, सेफ-आउट ते नीट देतात. पण रनर सेकंड बेसकडे स्टीलला सुटला (फटक्याची वाट न बघता पुढचा बेस चोरायला धावला), बॅटरच्या मागे बसणारा कॅचर त्याला आउट करायला बॉल फेकायला उठला आणि बॅटर मध्ये आला, की मैदानावर तीन वाक्यं हमखास ऐकू येतात. "बॉक्सच्या आतच होता ना?" "मुद्दाम नाही केलं सर त्याने." "धक्का तरी कुठे लागला?" तिन्ही मुद्दे गैरलागू आहेत, आणि ही वाक्यं फक्त पालक बोलत नाहीत, अंपायरही बोलतात. म्हणून हा इंटरफेरन्सचा, म्हणजे बॅटरने कॅचरला अडथळा केल्याचा, निर्णय कसा द्यायचा ते क्रमाने सांगतो.

सामन्याआधी

बॅटर्स बॉक्स (बॅटरने उभं राहायची चौकट) आखून घ्या. पूर्ण मापाच्या मैदानावर तो 4 फूट रुंद, 6 फूट लांब असतो आणि होम प्लेटपासून 6 इंच सोडून सुरू होतो. पहिल्या दोन इनिंगमध्ये पोरं पायाने ती रेघ पुसून टाकतात आणि पावसाळी मातीत तर फक्की अर्ध्या तासात दिसेनाशी होते, त्यामुळे फक्कीचा डबा हाताशी असू द्या.

दोन्ही कोचना प्लेटपाशी बोलवाल तेव्हा सामना कोणत्या नियमपुस्तकाने चालणार ते सांगून टाका. हे औपचारिक वाटतं, पण कामाचं आहे. यूट्यूबवर अमेरिकन शाळांचे व्हिडिओ बघून आलेले कोच हल्ली पुष्कळ भेटतात. तिकडच्या हायस्कूलचे नियम आणि आंतरराष्ट्रीय सामन्यांचे नियम याच विषयात एका ठिकाणी वेगळे आहेत. ते खाली येईल.

बेस अंपायरला एवढंच सांगा: स्टीलच्या वेळी मी काहीही ओरडलो तरी तू तुझा सेफ-आउट मोठ्याने दे, माझ्याकडे बघत बसू नकोस.

उभं कुठे राहायचं

नेहमीच्या जागी. फेक हातातून सुटेपर्यंत जागा सोडू नका, मास्क काढू नका.

आधी पिच, मग बाकीचं

रनर पळाला की नवा अंपायर पिचचा, म्हणजे पिचरने बॅटरला टाकलेल्या बॉलचा, निर्णय द्यायलाच विसरतो. स्ट्राइक असो वा बॉल, तो मोठ्याने द्या. तिसऱ्या स्ट्राइकला बॅटर आउट असतो, त्यामुळे तेव्हा पुढचा सगळा हिशेब बदलतो.

अडथळा झाला की नाही

सगळे बॅटरचे पाय बघतात. मी कॅचरचा हात बघतो, आणि तुम्हीही तेच करा.

बॉल ग्लोव्हमध्ये गेला की नजर कॅचरच्या फेकणाऱ्या हातावर न्या. हात मागे जाऊन थबकला का? कोपर किंवा बॉल बॅटरला लागला का? सरळ पुढे पाऊल टाकायचं सोडून कॅचरला बाजूला सरकावं लागलं का? यातलं काही बॅटरच्या हालचालीमुळे झालं असेल तर इंटरफेरन्स. स्पर्श व्हायलाच हवा असं नाही. मात्र कॅचरचा खराखुरा फेकायचा प्रयत्न दिसला पाहिजे. नुसता उभा राहून "सर, सर" करणाऱ्या कॅचरला काही मिळत नाही.

उलट बाजूही लक्षात ठेवा. बॅटर बॉक्सबाहेर आला म्हणून तो आपोआप आउट होत नाही. पाय बाहेर, पण कॅचरला वाट मोकळी आणि फेक नुसतीच वाईट, तर काही नाही. पूर्ण मैदानावर होमपासून सेकंड 127 फुटांवर असतो. 14 वर्षांखालच्या कॅचरची फेक तिथवर पोचेपर्यंत एक-दोन टप्पे खाते, कधी शॉर्टस्टॉपच्या डोक्यावरून जाते. ते त्या वयाच्या हाताचं काम आहे, त्याचं बिल बॅटरच्या नावावर फाडू नका.

आणि बॉक्सच्या आत असणं म्हणजेही अभय नाही. तिथे स्विंगनंतर तोल सांभाळून स्थिर उभा राहिलेला बॅटर सुरक्षित. त्याच बॉक्समध्ये एक पाऊल मागे घेऊन कॅचरच्या वाटेत आला, तर नाही. थर्डच्या स्टीलला हे नेहमी दिसतं. उजव्या हाताचा बॅटर कॅचर आणि थर्डच्या मध्येच उभा असतो. तो जागचा हलला नाही, तर त्याला वळसा घालून फेकणं हे कॅचरचं काम. पण डगआउटमधून (संघाच्या बाकांवरून) कोणीतरी "मागे हो, मागे हो" ओरडतं, पोरगं मागे सरकतं, आणि कॅचरने नेमकी मागची वाट धरलेली असते. झाला इंटरफेरन्स. ओरडणारा बहुतेक वेळा त्याचाच कोच असतो.

"मुद्दाम नाही केलं" याचं मूळ क्रिकेटमध्ये आहे. आपल्याकडचं प्रत्येक पोर आधी क्रिकेट खेळून मग बेसबॉलला येतं, आणि त्याचे आईवडीलही क्रिकेटच बघून मोठे झालेले असतात. क्रिकेटमध्ये क्षेत्ररक्षणात अडथळा आणल्याबद्दल बाद द्यायचं तर तो जाणूनबुजून आणलेला असावा लागतो, आणि कोणी अपील केल्याशिवाय पंच बोट वर करत नाही. बेसबॉलमधल्या या निर्णयाला दोन्ही लागू नाही. हेतू बघायचा नाही, अपीलची वाट बघायची नाही. कॅचर गप्प राहिला तरी तुम्ही स्वतःहून द्यायचा.

क्रिकेटची आणखी एक सवय इथे नडते. बाहेरच्या पिचला आमची पोरं फ्रंटफूट टाकतात. बॅट हवेत फिरते, पुढचा पाय प्लेटवर येतो आणि अख्खं शरीर कॅचर आणि सेकंडच्या मध्ये कलंडतं. नेरुळला 14 वर्षांखालच्या एका सामन्यात असं पाहिलं: बॅटर दोन्ही हात प्लेटवर टेकून ओणवा, त्याच्या पाठीवरून डोकावणारी कॅचर मुलगी, कानापर्यंत गेलेला तिचा हात तिथेच थांबलेला, हेल्मेट नाकावर घसरलेलं. बॅटर स्वतःचा तोल सावरत होता, बिचाऱ्याच्या मनातही काही नव्हतं. तरीही आउट.

बोट दाखवा आणि थांबा

खरी परीक्षा इथे आहे. इतर गोष्टी वाचून येतात, ही अंगवळणी पडायला मलाही पुष्कळ काळ लागला.

अडथळा दिसल्याक्षणी बॅटरकडे बोट दाखवा आणि मोठ्याने म्हणा, "दॅट्स इंटरफेरन्स!" इथे थांबा. "टाइम" म्हणू नका, हात वर करू नका, प्लेटपुढे धावू नका. बॉल अजून जिवंत आहे, म्हणजे खेळ चालू आहे.

का थांबायचं? कारण अडथळा होऊनही कॅचरची फेक पोचू शकते. त्या पहिल्याच फेकीवर रनर आउट झाला, तर अडथळा झालाच नाही असं धरतात: रनर आउट, बॅटर आहे त्या काउंटवर (बॉल-स्ट्राइकच्या मोजणीवर) पुढे खेळतो, आणि दुसरा कोणी रनर त्या दरम्यान पुढे सरकला असेल तर त्याचा बेसही कायम. तुम्ही आधीच "टाइम" ओरडलात तर बॉल मेला. मग सेकंडवर मिळालेला सुरेख आउट तुम्हाला पुसावा लागतो आणि रनर फर्स्टवर परत. ज्या संघावर अन्याय झाला त्याच्याच तोंडचा घास तुम्ही काढला.

थांबायचं किती? फेकीचा निकाल लागेपर्यंत. टॅग होऊन (रनरला बॉल लावून) बेस अंपायरने आउट दिला तर तुम्ही पुढे काही करायचं नाही. रनर सेफ असेल, फेक सेंटरफील्डला गेली असेल, सेकंड बेसमनच्या हातून बॉल निसटला असेल, तर आता "टाइम!" बॅटर आउट, आणि सगळे रनर पिचच्या वेळी होते त्या बेसवर परत. बॉल क्षेत्ररक्षकाने सोडला तर बॅटरने का भोगायचं, असं कोच विचारतो. उत्तर एकच: पहिल्या फेकीवर रनर आउट झाला नाही, विषय संपला.

रनर दोन बेसच्या मध्ये अडकला आणि रनडाउन (बॉल इकडून तिकडे फेकत त्याला घेरणं) सुरू झाला तर शेवटापर्यंत बघत बसू नका. पहिल्या फेकीने थेट आउट केलेलं नाही, म्हणजे लगेच "टाइम", बॅटर आउट, रनर परत. चार फेकींनंतर रनर आउट झाला आणि मग तुम्ही इंटरफेरन्स काढलात, तर दोन्ही डगआउट एकदम अंगावर येतात.

बोटाबद्दल एक ताकीद. घाईत हात वर जातो आणि मूठ वळते. ती मूठ आउटची खूण आहे. ती बघून रनर धावायचा थांबतो, क्षेत्ररक्षकही ढिला पडतो आणि प्लेचा विचका होतो. बोट सरळ, खाली बॅटरच्या दिशेने, कमरेच्या वर नाही. घरी आरशासमोर सराव करा. हसण्यासारखं आहे, पण करा.

बॅट मागे फिरून कॅचरला लागली तर

हा वेगळा प्रकार, आणि यूट्यूबची गल्लत इथेच होते. बॅटर जोरात फिरवतो, चुकतो, बॅट पूर्ण गोल फिरून मागे कॅचरला किंवा त्याच्या ग्लोव्हमधल्या बॉलला लागते. मुद्दाम नसेल तर आंतरराष्ट्रीय नियमात हा इंटरफेरन्स नाही. नुसती स्ट्राइक, बॉल डेड, कोणी रनर पुढे जाणार नाही. लागूनही कॅचरच्या पहिल्या फेकीवर रनर आउट झाला तर तो आउट टिकतो. तिसरी स्ट्राइक कॅचरच्या हातून सुटलेली असली तरी बॅटरला फर्स्टकडे धावता येत नाही, तो आउट. अमेरिकन हायस्कूलच्या पुस्तकात मात्र स्विंगनंतरच्या अशा बॅटने कॅचरचा प्ले अडला तर बॅटर आउट असतो. कोच मोबाइल काढून व्हिडिओ दाखवायला लागला, की सुरुवातीला नियमपुस्तक कोणतं ठरलं होतं त्याची आठवण करून द्या आणि मोबाइल खिशात घालायला लावा. मैदानात व्हिडिओ बघून निर्णय बदलायची पद्धत एकदा पडली की सामना संपत नाही.

पिचनंतर कॅचर नुसताच पिचरकडे बॉल परत टाकत होता आणि तो बॅटरला लागला, तर काहीच नाही. मुद्दाम अडवला नसेल तर बॉल जिवंत, रनर पळू शकतो. हे ऐकून कॅचर चिडतात.

तिसरी स्ट्राइक

तिसरी स्ट्राइक कॅचरने झेलली, रनर स्टील करतोय आणि नुकताच आउट झालेला बॅटर आडवा आला. बॅटर तर आधीच आउट, मग शिक्षा कोणाला? रनरला. अर्थात इथेही पहिल्या फेकीवर तो आउट झाला का ते आधी बघायचं. दोन आउट एकदम पडतात तेव्हा ओरडा फार होतो, म्हणून हाताने आधी बॅटर, मग रनर असा स्पष्ट इशारा करा.

तिसरी स्ट्राइक कॅचरने सोडली आणि फर्स्टकडे धावणाऱ्या बॅटरने बॉल उचलणाऱ्या कॅचरला उघड अडवलं, तर धावणारा आउट, बॉल डेड, रनर परत. कॅचरवर आपटून उडालेला बॉल बॅटरच्या पायाला ओझरता लागला, एवढ्यावर देऊ नका.

थर्डवरून रनर होमकडे येत असेल तर

स्टील ऑफ होम असो की कॅचरच्या मागे गेलेला पिच, रनर घुसतोय आणि बॅटर तमाशा बघत प्लेटपाशी उभा आहे. इथे स्थिर राहण्याचं अभय चालत नाही. बाजूला व्हायला वेळ होता का, एवढंच बघा. वेळ असून हलला नाही आणि प्ले अडला, तर दोनपेक्षा कमी आउट असताना रनर आउट, बॅटर खेळत राहतो. दोन आउट असताना बॅटर आउट, आणि रन धरायचा नाही. शाळेच्या सामन्यात हाच निर्णय सर्वांत जास्त उलटा दिला जातो, कारण बॅटरची चूक म्हणजे बॅटर आउट असं डोक्यात बसलेलं असतं.

कोच आला तर

त्याला बोलू द्या, पण एकट्यालाच. "सर, मुद्दाम लागत नाही. फेक अडली, मी पाहिली." एवढं पुरे. नियमाचं कलम पाठ म्हणून दाखवू नका, लांबण लागते. बॅटरशी मात्र स्वतः दोन शब्द बोला, तेरा वर्षांच्या पोराला आपण नक्की काय केलं ते कळलेलंच नसतं.

शेवटी स्कोअररकडे जा, विशेषतः तिसरा आउट या निर्णयाने पडला असेल तर. इंटरफेरन्सवर बॅटर आउट झाला असेल, तर पुढच्या इनिंगला क्रमातला त्याच्या नंतरचा खेळाडू येतो. पहिल्या फेकीवर रनर आउट होऊन इनिंग संपली असेल, तर तोच बॅटर परत येतो, काउंट नव्याने सुरू. हे तिथल्या तिथे लिहून घ्या. वहीत चुकीचं नाव पडलं की पुढच्या इनिंगला चुकीचा बॅटर प्लेटवर उभा राहतो आणि नवीच हुज्जत सुरू होते.