समजायला वेळ लागणाऱ्या आईला बाळ सांभाळताना मदत कशी करायची

हे मी जावा, नणंदा, शेजारणी आणि आशाताईंसाठी लिहितेय. तुमच्या घरात नाहीतर वाडीत बौद्धिक अक्षमता असलेली एखादी बाई असेल, म्हणजे समजायला वेळ लागतो, वाचता येत नाही, घड्याळ आणि पैशाचा गोंधळ होतो, आणि तिला आता बाळ झालंय, तर काय करायचं ते.

पहिलं म्हणजे बाळ उचलून आजीच्या ताब्यात देऊन टाकू नका. आपल्याकडे हमखास हेच होतं, हॉस्पिटलमधून घरी आले की सासू म्हणते हिला काय जमणार, मग ती नुसती दूध पाजण्यापुरती आई उरते, बाळ रडलं तरी उठत नाही कारण उठली की कोणीतरी खेकसतं, आणि वर्षभराने तीच माणसं म्हणतात बघा हिला पोराचं काही कळत नाही. कळणार कसं, पोर हातात दिलं कधी? मदत करायची ती तिच्या हातून काम होईल अशी करायची, तिच्या हातातलं काम काढून घेऊन नाही.

शिकवताना नुसतं तोंडी सांगू नका. कॅनडात मॉरिस फेल्डमन या मानसशास्त्रज्ञांनी अशा आईवडिलांसोबत बरीच वर्षं काम केलंय, चित्रांच्या पुस्तिका, एकेक पायरी, घरी करून दाखवणं आणि जमलं की लगेच शाबासकी, या रीतीने पालक आंघोळ, दूध, साफसफाई शिकतात हे त्यांनी दाखवलं. आपल्याकडे पुस्तिका नसली तरी मोबाईल आहे. तिच्याच मोरीत, तिच्याच बादलीत, तिचेच हात दिसतील असे फोटो काढा. आधी दुपटं आणि झबलं जवळ आणून ठेवलं, मग गार पाणी ओतलं, मग त्यात गरम, मग कोपर बुडवून बघितलं, मग बाळ घेतलं. पाच फोटो, झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट मारा, प्लास्टिकमधे घाला आणि मोरीच्या भिंतीला तिच्या नजरेच्या उंचीवर लावा. पहिले काही दिवस तुम्ही करा ती बघेल, मग ती करेल तुम्ही फक्त शेजारी बसा, चुकलं तर बाळ ओढून घेऊ नका, बोटाने फोटो दाखवा. एक काम पक्कं बसेपर्यंत दुसरं सुरू करू नका.

आणि 'थोडं', 'जरा वेळाने', 'नीट' हे शब्द सोडून द्या. थोडी साखर म्हणजे किती हे तिला नाही कळत, 'या चमच्याने एक' हे कळतं. "समजलं का?" असं विचारलंत तर ती हो म्हणणारच, लहानपणापासून ओरडा खाऊन तीच सवय लागलेली असते, त्यापेक्षा "मला करून दाखव" म्हणा.

औषधाच्या बाबतीत मात्र फार जपा. तापाच्या पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स आणि सिरप वेगवेगळे असतात, ड्रॉप्स खूप जास्त स्ट्राँग, बाटल्या बदलल्या की बाळाला जास्त डोस जातो. घरात एकच बाटली ठेवा. डॉक्टरांनी सांगितलेल्या मापावर ड्रॉपरवर लाल चिकटपट्टी लावा, बाळाचं वजन वाढलं की पट्टी सरकवायची आणि हे काम तिचं नाही, तुमच्यातल्या एकीचं. ओआरएसचं मोठं पाकीट १ लिटरचं असतं, त्यासाठी पाण्याची एक लिटरची बाटलीच वेगळी ठेवा म्हणजे मोजायची भानगड नाही.

धोक्याची लक्षणं लांबलचक सांगू नका. बाळ दूध ओढत नाही, श्वास जोरात चाललाय, श्वास घेताना छाती आत जाते, अंग गार पडलंय किंवा तापलंय, उठवूनही उठत नाही. यातलं एक जरी दिसलं की विचार करत बसायचं नाही, फोन लावायचा. तिच्या फोनवर तुमचा फोटो लावून नंबर सेव्ह करा, १०८ पण तसाच अँब्युलन्सचा फोटो लावून ठेवा आणि मधूनमधून तिला खरंच फोन लावायला सांगा.

आशाताईचं वेळापत्रक माहिती करून घ्या. बाळंतपण हॉस्पिटलमधे झालं असेल तर ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येते. (घरी येऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचं हे काम आपल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी उभं केलं.) त्यानंतरच्या ठरलेल्या भेटी ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांना. म्हणजे दीड महिना ते तीन महिने मधे मोठी फट आहे, आणि माझ्या मते शेजारपाजाराची खरी गरज तिथेच आहे कारण तोवर माहेरची माणसं पण परत गेलेली असतात. तीन-चार जणी वार वाटून घ्या. आधी आपापसात ठरवा काय सांगायचं, एक म्हणते घुटी दे, दुसरी म्हणते मध चाटव, तिसरी म्हणते नको, यात कोणीही गोंधळेल. सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, डॉक्टरने दिलेलं औषध तेवढं चालतं, आणि मध वर्षापर्यंत अजिबात नाही. सगळ्यांनी हेच सांगायचं. बाळाच्या बापालाही हेच फोटो, हीच आंघोळ शिकवा, त्याला कोणी विचारतच नाही.

कागदपत्रं: तिचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढा, निरामय आरोग्य विमा बघा (बौद्धिक अक्षमता असेल तर १ लाखापर्यंत), पहिलं बाळ असेल तर मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये, आणि सहा महिन्यांनंतर अंगणवाडीतून बाळाचा आहार. बालसंगोपन योजनेत (अडचणीतल्या घरातल्या मुलांसाठी सरकारी मदत) बसतंय का ते जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात विचारा. मागायला लाजू नका, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ मधे अपंग महिलांना मुलं वाढवायला आधार द्यायचा असं लिहिलंय.

याच कायद्याचं कलम १० लक्षात ठेवा. बाळंतपण झालं की नातेवाईक हळूच म्हणतात एकदाचं ऑपरेशन करून टाका. तिला नीट समजावून, तिने स्वतः हो म्हटल्याशिवाय असं ऑपरेशन करता येत नाही. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची गर्भाशयं काढली गेली तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता. २००९ मधे चंदीगडच्या अशाच एका गरोदर तरुणीला बाळ हवं होतं, सुप्रीम कोर्टाने तिची इच्छा मानली.

बाळ बोलायच्या वयात आलं की त्याच्याशी भरपूर बोला, कारण आई कमी बोलत असेल तर त्याच्या कानावर शब्द कमी पडतात. बडबडगीतं, आजूबाजूची पोरं, तीन वर्षांचं झालं की रोज अंगणवाडी. आई अशी म्हणून पोरही तसंच असं धरून चालू नका, तपासणीचं पथक अंगणवाडीत येतं तेव्हा दाखवून घ्या.

बाळाला मारहाण होतेय, उपासमार होतेय किंवा त्या आईलाच कोणी त्रास देतंय असं दिसलं तर गप्प बसू नका, बाळासाठी १०९८ ला आणि आईसाठी १८१ या महिला हेल्पलाईनला फोन करा. पोर संस्थेत ठेवणं हा कायद्याने शेवटचा उपाय आहे, त्यामुळे बाल कल्याण समितीपुढे (मुलाने कुठे राहायचं हे ठरवणारी जिल्ह्याची समिती) जायची वेळ आलीच तर घरी कोण कोण कुठल्या वारी येतं ते लिहून घेऊन जा.

आणि शाळा सुरू झाली की बाईंना सांगा डायरीत लिहू नका, व्हॉइस मेसेज पाठवा. पालकसभेला तिच्यासोबत जा, पण बाईंच्या समोरच्या खुर्चीवर तिला बसवा, तुम्ही बाजूला बसा, आणि बाई तुमच्याकडे बघून बोलायला लागल्या तर "तिला सांगा" म्हणा.