बेसबॉल बघायला जाताय? सगळ्यात वरची तिकिटं काढा

बाबा पहिल्यांदा आमच्याकडे न्यू जर्सीत एडिसनला आले, तेव्हा त्यांना बेसबॉल दाखवायचाच म्हणून मी हौसेने महागडी तिकिटं काढली. मैदानाला लागून, गवताच्या अगदी जवळ, पण पार उजव्या कोपऱ्यात. तीन तास बाबांना एका क्षेत्ररक्षकाची पाठ दिसत राहिली. चेंडू कसा टाकला, फलंदाजाने का सोडला, धावणारा मध्येच का थांबला, काही कळायला मार्ग नव्हता. साताऱ्यात तीस वर्षं क्लबच्या सामन्यांचं स्कोअरबुक लिहिलेला माणूस नुसता बसून राहिला आणि परतताना म्हणाला, "छान होतं गं." त्या 'छान'ने मला रात्रभर झोप आली नाही.

दोन वर्षांनी ते पुन्हा आले. या वेळी मी सिटी फील्डची, न्यूयॉर्कच्या मेट्स संघाच्या मैदानाची, सगळ्यात वरच्या मजल्यावरची तिकिटं घेतली. बुधवारची दुपार होती आणि एकेक तिकीट चौदा डॉलरला पडलं, म्हणजे आधीच्या तिकिटाच्या पाव किमतीत. नऊपैकी तिसऱ्या इनिंगला बाबांनी माझ्याकडे पेन मागितलं.

तेव्हापासून मी कुणालाही हेच सांगते. स्वस्तात बेसबॉल बघायचा तर खेळाच्या जवळ बसायचा हट्ट सोडा आणि होम प्लेटच्या मागे, उंचावर बसा. होम प्लेट म्हणजे फलंदाज उभा राहतो तिथली पांढरी पंचकोनी पाटी. तिच्या मागून वरून पाहिलं की अख्खं मैदान पंख्यासारखं उलगडतं. यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून सामना बघायला मिळाला तर कसं वाटेल, तसं. डावखुरा फलंदाज आला की मागचे तिघं क्षेत्ररक्षक कसे सरकतात ते दिसतं. चेंडू दोघांच्या मधून गेला की एकाच वेळी तीन ठिकाणी पळापळ होते: एक जण चेंडूमागे, एक जण मध्ये उभा राहून फेक झेलायला, आणि फलंदाज दुसऱ्या बेसकडे. बेस म्हणजे धावताना एकेक करून गाठायचे थांबे. हे सगळं एका नजरेत फक्त वरूनच मावतं. क्रिकेट जाणणाऱ्या माणसाला क्षेत्ररचना दिसली की अर्धा खेळ तिथेच समजतो. खालच्या महाग जागेवरून खेळाडूंचे चेहरे छान दिसतात, हे खरं. पण पहिल्या सामन्याला चेहऱ्यांची गरज नसते.

जागा निवडताना आकडे लक्षात ठेवा. सिटी फील्डवर वरचा मजला ५०० च्या क्रमांकांचा आहे आणि ५१४ च्या आसपास तुम्ही बरोबर मागे असता. यांकी स्टेडियमवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या दुसऱ्या संघाच्या मैदानावर, ४०० चा मजला, आणि तिथे ४२० च्या आसपास. अगदी पहिली रांग टाळा, कठड्याचे गज डोळ्यांसमोर येऊ शकतात. वरचे जिने चांगलेच उभे असतात. बाबांच्या गुडघ्यांसाठी मी प्रवेशाच्या तोंडाशी असलेली रांग बघते आणि वर जायला लिफ्ट कुठे आहे ते आधीच विचारून ठेवते. भर उन्हाळ्यातली दुपार असेल, तर होम प्लेटपासून तिसऱ्या बेसकडची, म्हणजे डावीकडची, बाजू घ्या. साधारणपणे सावली तिकडे आधी सरकते. ज्येष्ठांना घेऊन जाणार असाल तर हे दोन-चार डॉलर वाचवण्याहून महत्त्वाचं आहे.

आता दिवस कुठला निवडायचा ते. तिकिटाची किंमत जागेइतकीच, किंबहुना जास्तच, तारखेवर ठरते. मेजर लीग या सगळ्यात वरच्या लीगमधला प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो आणि त्यातले ८१ घरच्या मैदानावर. हा एखादा कसोटी सामना नाही, की चुकला तर वर्षभर हळहळत बसावं. सोमवार ते गुरुवार बघा. त्यातही मालिकेचा शेवटचा सामना पुष्कळदा आठवड्याच्या मध्यावर भरदुपारी ठेवतात, कारण पाहुण्या संघाला त्याच संध्याकाळी पुढच्या गावी जायचं असतं. त्याला इथे 'गेटअवे डे' म्हणतात. लोक ऑफिसात, मुलं शाळेत, तिकिटं पडून. मी त्या दिवशी रजा टाकते आणि ती रजा मला कधीच वाया गेल्यासारखी वाटली नाही. एप्रिलमध्येही तिकिटं स्वस्त असतात, पण एप्रिलच्या रात्री फ्लशिंगला, सिटी फील्डपाशी, खाडीवरून असा गार वारा येतो की स्वेटरवर जाकीट आणि वर शाल लागते. हंगामाचा पहिला घरचा सामना, शनिवार, यांकी विरुद्ध मेट्स, यांकी विरुद्ध बॉस्टन रेड सॉक्स, आणि एखाद्या खेळाडूची बाहुली फुकट वाटायचा दिवस, हे सगळे टाळा.

तिकीट संघाच्या साइटवर बघा आणि पुनर्विक्रीच्या दोन-तीन अ‍ॅपवरही बघा. पूर्वी अशा एका अ‍ॅपवर नऊ डॉलरचं तिकीट शेवटच्या पानावर सोळाला पडल्याचा अनुभव मी घेतला आहे. मे २०२५ पासून अमेरिकी सरकारच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमाने सगळं शुल्क धरून पूर्ण किंमत सुरुवातीलाच दाखवावी लागते, त्यामुळे तुलना सोपी झाली आहे. ज्यांच्याकडे जादा तिकिटं असतात ते सामन्याच्या दिवशी भाव उतरवायला लागतात. मी आदल्या दिवशी मनात एक आकडा ठरवते आणि सामन्याच्या दिवशी सकाळी तो दिसला की घेऊन टाकते. आणखी दोन डॉलर उतरतील म्हणून थांबायचं नाही. दोघांसाठी ही पद्धत उत्तम. चौघं शेजारी-शेजारी बसायचे असतील तर मात्र आठवडाभर आधीच घ्या, शेवटी सुटी-सुटी तिकिटंच उरतात. तिकीट फोनवरच येतं आणि बारकोड सतत बदलत असतो, तेव्हा स्क्रीनशॉटच्या भरवशावर गेटपाशी जाऊ नका. घरूनच फोनच्या वॉलेटमध्ये ते साठवून ठेवा. हजारो लोक एकत्र आले की गेटजवळ नेटवर्क रेंगाळतं. पावसामुळे सामना सुरूच झाला नाही, तर साधारणतः तेच तिकीट नव्या तारखेला चालतं, म्हणून घाईने ते काढून टाकू नका.

आमच्यासारखे जर्सीत राहणारे एक गोष्ट हिशेबात धरत नाहीत: वरच्या मजल्याच्या तिकिटापेक्षा जाण्या-येण्याचा खर्च जास्त होऊ शकतो. गाडी नेली तर पार्किंगमध्येच दोन तिकिटांचे पैसे जातात, शिवाय पूल नाहीतर बोगद्याचा टोल. आम्ही एडिसनहून न्यू जर्सी ट्रान्झिटच्या रेल्वेने न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनला जातो. ६२ वर्षं आणि त्यावरच्यांना या गाडीत अर्धं भाडं असतं. वयाचा पुरावा जवळ ठेवा आणि तिकीट काढताना सीनियर निवडा. पहिल्या खेपेला हे मला माहीत नव्हतं आणि बाबांचं पूर्ण भाडं भरलं. मुलांचं भाडंही कमी असतं, आणि शनिवार-रविवारी भाडं भरणाऱ्या मोठ्या माणसाबरोबर ११ वर्षांपर्यंतची दोन मुलं फुकट. त्यामुळे दोन मुलं असतील तर रविवारचं थोडं महाग तिकीटही एकूण हिशेबात परवडू शकतं. कागदावर मांडून बघा. पेन स्टेशनहून मेट्ससाठी टाइम्स स्क्वेअरला जाऊन ७ नंबरची सबवे धरायची, मेट्स-विलेट्स पॉइंट स्टेशन मैदानाच्या दारातच आहे. यांकीसाठी हेरल्ड स्क्वेअरपर्यंत चालत जाऊन डी किंवा, कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळी, बी गाडी, आणि १६१ स्ट्रीटला उतरायचं. बँकेचं कार्ड गेटवर टेकवलं की झालं.

खाणं घरून न्या. यांकी स्टेडियम आणि सिटी फील्ड या दोन्ही ठिकाणी घरचं खाणं आत नेऊ देतात, आणि ही सवलत कित्येक मराठी घरांत अजून माहीत नाही. मी बटाट्याची कोरडी भाजी पोळीत गुंडाळते, प्रत्येकाची वेगळी, पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत, म्हणजे तपासणीत उघडून दाखवावं लागत नाही. पाण्याची बाटली प्लॅस्टिकची आणि सील न तोडलेली. काच, पेयांचे कॅन, धातूची बाटली चालत नाही. पाठीवरची सॅकही पुष्कळ मैदानांवर अडवतात, म्हणून साधी कापडी पिशवी बरी. हे नियम हंगामागणिक बदलतात, तेव्हा निघायच्या दिवशी सकाळी संघाच्या साइटवर पाच मिनिटं घालवा. भुईमुगाच्या भाजक्या शेंगा मात्र विसरू नका. बेसबॉल आणि शेंगा हे इथलं जुनं नातं आहे, आणि त्याच शेंगा वाण्याकडे आतल्यापेक्षा कितीतरी स्वस्त मिळतात. आत एकच गोष्ट विकत घ्यायची: प्लॅस्टिकच्या छोट्या हेल्मेटमधलं आइस्क्रीम. ते हेल्मेट घरी येतं. आमच्या मुलाच्या टेबलावर अशी चार आहेत, त्यात तो खोडरबर ठेवतो.

लवकर पोहोचा, कारण तिकिटात जे फुकट येतं ते सामन्याआधीच असतं. यांकी स्टेडियममध्ये जुन्या खेळाडूंच्या पाट्या असलेला मॉन्युमेंट पार्क कुठल्याही तिकिटावर बघता येतो, पण सामन्याच्या पाऊण तास आधी तो बंद करतात. सिटी फील्डच्या मुख्य दारातून आत गेलात की जॅकी रॉबिन्सनच्या नावाचा गोल दिवाणखाना लागतो आणि त्यात माणसाहून उंच निळा ४२ चा आकडा उभा आहे. १५ एप्रिल १९४७ ला कृष्णवर्णीय रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्स संघाकडून उतरला आणि गोऱ्यांपुरत्या राहिलेल्या मेजर लीगची भिंत फुटली. १९९७ मध्ये त्याचा ४२ नंबर सगळ्याच संघांनी निवृत्त केला, म्हणजे नव्या खेळाडूला तो मिळत नाही. बाबा त्या आकड्यापाशी बराच वेळ उभे होते. तिथून पुढे गेस्ट सर्व्हिसेसच्या खिडकीवर 'पहिला सामना' असं प्रमाणपत्र मागून बघा. बहुतेक मैदानांवर ते फुकट देतात आणि वय विचारत नाहीत.

सामना किती चालेल याची भीती आता बाळगू नका. २०२३ पासून चेंडू टाकायला घड्याळ लावलं आहे. बेसवर कुणी नसेल तर १५ सेकंद, असेल तर सध्या १८. तीन तासांच्या पुढे जाणारा सामना त्या वर्षी सरासरी दोन तास चाळीस मिनिटांवर आला. सात वाजता सुरू झालेला सामना दहाच्या आत बहुधा आटोपतो. तरी परतीच्या शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा लिहून ठेवा.

मुलं अगदी लहान असतील, किंवा हे सगळं एका दिवसात जास्त वाटत असेल, तर न्यू जर्सीतल्याच ब्रिजवॉटरला जा. सॉमरसेट पेट्रियट्स हा २०२१ पासून यांकीचा डबल-ए संघ आहे, म्हणजे मोठ्या संघाच्या दोन पायऱ्या खाली. मैदान छोटं आहे, कुठेही बसलात तरी होम प्लेट जवळच, आणि न्यू जर्सी ट्रान्झिटच्याच रॅरिटन व्हॅली लाइनचं स्टेशन शेजारीच. अँथनी व्होल्पे २०२२ मध्ये इथे खेळत होता आणि पुढच्या वर्षी यांकीच्या हंगामातल्या पहिल्याच सामन्यात शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये, उभा राहिला. मंगळवार ते रविवार एकाच पाहुण्या संघाशी सहा सामने असतात आणि सोमवारी सुट्टी. मला विचाराल तर, पाच वर्षांच्या मुलाचा पहिला सामना इथलाच असावा.

शेवटची गोष्ट पेन्सिल, आणि तिला काहीच पैसे पडत नाहीत. रिकामा स्कोअरशीट घरून छापून न्या. प्रत्येक जागेला क्रमांक असतो: गोलंदाज १, कॅचर २, मग पहिला, दुसरा, तिसरा बेस अनुक्रमे ३, ४, ५, शॉर्टस्टॉप ६, आणि मागचे तिघं डावीकडून ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून दुसऱ्या बेसवर दिला आणि तिथून पहिल्या बेसवर गेला, तर ६-४-३ लिहायचं. पहिल्या बेसवरून धावणारा आणि फलंदाज, दोघं बाद. बॅट फिरवून स्ट्राइकआउट (तिसरी संधी हुकून बाद) झाला तर इंग्रजी K, नुसता बघत राहून झाला तर उलटा K. दहा मिनिटांत हे जमतं, आणि एकदा लिहायला लागलात की एकही चेंडू नजरेतून सुटत नाही.

त्या बुधवारी परतीच्या रेल्वेत बाबा कागद मांडीवर घेऊन बसले होते. क्रिकेटच्या पुस्तकात गोलंदाजांची आणि फलंदाजांची बेरीज जुळवतात, तसं इथे काही आहे का, असं त्यांनी विचारलं. आहे. एका संघाचे फलंदाज एकूण जितक्या वेळा खेळायला आले, तितकाच त्या संघाच्या धावा, बेसवर अडकून राहिलेले आणि बाद झालेले यांचा एकूण आकडा यायला हवा. त्यांचा एकाने कमी येत होता. राहवे स्टेशन गेलं, मेट्रोपार्क गेलं. मेटुचेनला त्यांना सापडलं: सातव्या इनिंगमध्ये एक जण तिसऱ्या बेसवर अडकला होता, तो लिहायचा राहिला होता, कारण तेव्हा ते शेंगा सोलत होते.