मुलांचं रुटीन बसतच नाही? या चुका टाळा

मागच्या जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी लेकीचं टाइमटेबल केलं. रंगीत कार्डपेपरवर, ६.३० उठणे, ६.४० दात, ६.५५ दूध असं मिनिटामिनिटाचं, आणि फ्रिजवर चिकटवलं. चौथ्या दिवशी पाऊस कोसळला, मला भांडुपला पोचायलाच साडेनऊ झाले आणि कागदावरचं संध्याकाळनंतरचं काहीच झालं नाही. पाचव्या दिवशी ती फ्रिजसमोर उभी राहून विचारत होती, "आई, आज कुठून सुरू करायचं?"

तिच्या त्या प्रश्नाने माझी चूक मला दिसली.

मिनिटांचं वेळापत्रक

मुंबईत आईबाबा घरी कधी पोचणार हे गाडी आणि पाऊस ठरवतात. अशा घरात मिनिटांचं वेळापत्रक आठवडाभरही टिकत नाही. शिवाय सहा वर्षांच्या मुलीला आठ-दहा आणि आठ-वीस यांत फरक वाटत नाही. कशानंतर काय, हे मात्र दोन वर्षांच्या मुलालाही कळतं. आपल्या आज्यांच्या वेळी दिवेलागणीला हातपाय धुवायचे, देवापुढे बसायचं, पाढे म्हणायचे, मग पानं घ्यायची. पुढचं काय ते मुलांना सांगावं लागत नसे.

म्हणून आम्ही वेळा काढल्या आणि क्रम ठेवला: जेवण, दात, दप्तर दाराशी, गोष्ट, दिवा बंद. उशीर झाला तर गोष्ट दोन पानांची होते, पण गाळली जात नाही. पुढे काय येणार हे ठाऊक असलं की मूल हुज्जत कमी घालतं. रोजची निम्मी रडारड खेळ अचानक थांबवल्यामुळे असते, हे मी माझ्याच घरात पाहिलंय.

बाबा येईपर्यंत जागं ठेवणं

ही चूक प्रेमापोटी होते, म्हणून सुटायला सगळ्यात अवघड. आमच्याकडे बाबा दहाला येतो. कडीचा आवाज आला की लेक पांघरूण टाकून दाराकडे धावायची. मग घोडा-घोडा, मग पुन्हा भूक, झोपेपर्यंत साडेअकरा. सकाळी दूध समोर ठेवून ती बसल्या जागी पेंगायची.

अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये दिलेले आकडे असे: ३ ते ५ वर्षांच्या मुलांना दुपारची झोप धरून १० ते १३ तास, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास. साडेअकराला झोपून साडेसहाला उठणारं मूल रोज किमान दोन तास मागे पडतं. मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं. पण शाळा उशिरा भरते म्हणून रात्रीची झोपही पुढे ढकलली, तर मुलाच्या पदरात काहीच पडत नाही.

आम्ही बाबाची वेळ सकाळी हलवली. वेणी तो घालतो. पहिले पंधरा दिवस भांग वाकडाच निघायचा, रिबीन शाळेच्या व्हॅनमध्येच सुटायची. पण ती दहा मिनिटं त्या दोघांची असतात आणि लेक रात्री नऊला झोपते. बाबाला वाईट वाटतं, मला ठाऊक आहे. तरी रात्री पेंगुळलेल्या मुलीपेक्षा सकाळची ताजी लेक त्याला जास्त मिळते.

झोपेची वेळ अलीकडे आणायची तर एकदम दोन तासांची उडी मारू नका. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं सरकवा. आधी सकाळची उठायची वेळ पक्की करा, रविवारीसुद्धा तासाभराहून जास्त फरक नको. रविवारी दहापर्यंत झोपू दिलेलं मूल त्या रात्री वेळेवर झोपत नाही, आणि सोमवारची रड तिथून सुरू होते.

सकाळची कामं सकाळसाठी ठेवणं

खाली व्हॅनवाले काका हॉर्न वाजवतायत आणि आपण दिवाणाखाली दुसरा मोजा शोधतोय! गणवेश, मोजे, बाटली, वही सगळं रात्रीच काढून ठेवा, आणि ते मुलाला स्वतःच्या हाताने करू द्या.

मोबाईलवर जेवण

"मोबाईल दिल्याशिवाय जेवतच नाही" असं सांगणाऱ्या प्रत्येक आईच्या घरी रुटीन बसलेलंच असतं, फक्त त्यात ताटाशेजारी मोबाईल आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसभरात जास्तीत जास्त एक तास स्क्रीन, आणि त्याहूनही कमी असेल तर उत्तम. आधी झोपण्यापूर्वीचा मोबाईल बंद करा, कारण त्या उजेडाने झोप लांबते. मग जेवणातला. रिकाम्या झालेल्या जागी काहीतरी द्यावं लागतं: गॅलरीतून दिसणारा रस्ता, सोलायला चार मटारच्या शेंगा, ताटात भात कालवायची मोकळीक. चार दिवस कमी जेवेल, नंतर भूक आपली वाट काढते.

आजीशी भांडण

पाळणाघरात एक, आजीकडे दुसरं, घरी तिसरं, असं झालं की मूल गोंधळतं. पण सगळेच नियम आजीच्या गळी उतरवू नका. आम्ही तीनच मागितले: दुपारची झोप चारच्या आत संपावी, जेवताना मोबाईल नको, संध्याकाळी खाली खेळायला न्यावं. बाकी लाडू, लाड सगळं आजीचं.

एकदा मोडलं की सोडून देणं

ताप, गणपतीत गावी जाणं, मे महिना. रुटीन मोडणारच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एका अभ्यासात मोठ्या माणसांना नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, कुणाला २५४. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. गावाहून परत आलात की पहिल्या रात्री फक्त गोष्ट आणि दिवा बंद, एवढंच धरा. मग एकेक जोडत जा.

एक मात्र लक्षात ठेवा. मूल रोज घोरत असेल, झोपेत श्वास अडकल्यासारखा होत असेल, किंवा पुरेसं झोपूनही दिवसभर मलूल दिसत असेल, तर रुटीन बदलत बसू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. टॉन्सिल किंवा नाकामागच्या अ‍ॅडिनॉइड ग्रंथी वाढल्यानेही असं होतं. दाखवायला जाताना मूल घोरतानाचा मिनिटभराचा व्हिडिओ काढून न्या, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.